दोनदा वजा

इचलकरंजी,
५ ऑक्टोबर १९९७

ती. वन्संना सौंदर्याचा शरणार्थ.

ही कोण सौंदर्या, असं तुम्हाला वाटलं तर त्यात तुमचं काही चुकलं नाही. मी तुमच्या संगमेशची बायको, माहेर गडहिंग्लजचं. गेल्या वर्षी मे महिन्यात आमचं लग्न झालं, तेव्हा तुम्हाला पत्रिकाही गेली नाही हे मला मागाहून कळलं. घरात तुमचा एकही फोटो ठेवलेला नाही, त्यामुळं तुम्ही दिसता कशा तेही मला माहीत नाही. तुमचं नाव निघालं की तुमच्या अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या अत्ती, उठून देवघरात जातात. तुम्ही जातीबाहेर, मराठ्याच्या घरात लग्न करून नागपूरला गेलात, एवढं ह्यांनी सांगितलं. त्याचबरोबर हेही सांगितलं की अक्का फिजिओथेरपी शिकलीय आणि तिथल्या दवाखान्यात कमी दिवसांच्या बाळांचे व्यायाम घेते. म्हणून हे पत्र.

मला मुलगा आहे. प्रभुलिंग, तुमच्या आजोबांचं नाव. जन्म पंधरा फेब्रुवारीचा. घरात हे कुणी बोलत नाही, तुम्हीही बोलू नका, पण तो दिवस भरायच्या आधी झाला. दोन महिने आधी. कोल्हापूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होता. सुटताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की दर महिन्याला आणून दाखवा, अशा मुलांच्या अंगाकडं, डोळ्यांकडं, कानांकडं लवकर लक्ष दिलेलं बरं असतं. आम्ही एकदाही गेलो नाही. अत्ती म्हणाल्या, "पेटीतनं सुटलं न्हवं? आता परत त्या दारात पाय ठेवायचा न्हाय."

प्रभू अजून बसत नाही. उशी लावून बसवला तर ताठ होऊन मागं घसरतो. मुठी मिटलेल्या असतात. शेजारची मुलगी त्याच्याच महिन्यातली, ती बसून खुळखुळा आपटते. पायात मात्र त्याच्या जोर आहे. अंघोळ घालायला येणारी बयाबाई त्याला काखेत धरून उभा करते, तर पाय काठीसारखे. ती म्हणते, "ह्ये तालमीतलं हाय. पैलवान हुतंय बगा." अत्ती गल्लीतल्या बायकांना बोलावून दाखवतात आणि म्हणतात, पोराचं पाय पाळण्यातच दिसत्यात. मला मात्र लंगोट बांधताना त्याच्या मांड्या सुटत नाहीत. एकीनं धरायचं आणि एकीनं बांधायचं, असं चाललंय. हे सगळ्यांच्याच मुलांचं असेल तर तसं लिहा, मी गप्प बसते.

उत्तर घरी नको. ह्यांच्या नावे कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा. मागांच्या खडखडाटात तिथं कुणाला कुणाचं पत्र वाचायची शुद्ध नसते.

तुमची न पाहिलेली भावजय,
सौंदर्या


नागपूर,
१९ ऑक्टोबर १९९७

सौंदर्या,

चार वर्षांनी इचलकरंजीचा शिक्का असलेलं पाकीट हातात आलं. पहिल्यांदा वाटलं, अव्वा गेली. फोडायचा धीर झाला नाही, माझ्या नवऱ्यानं, उदयसिंहनं फोडलं. मग तुझं अक्षर बघितलं आणि मला हसूच आलं. मला भावजय आहे, भाचा आहे, आणि ही बातमी मला भाचा बसत नाही म्हणून मिळतेय.

आधी तुला हिशेब शिकवते. कमी दिवसांच्या बाळाचं वय जन्मतारखेपासून मोजायचं नसतं. ते जेव्हा यायचं होतं त्या दिवसापासून मोजायचं. प्रभू आला फेब्रुवारीत, यायचा होता एप्रिलमध्ये. म्हणजे तुझं लेकरू आठ महिन्यांचं नाही, सहाचं आहे. सहा महिन्यांचं पोर बसत नाही म्हणून कुणी नागपूरला पत्र लिहितं का? शेजारच्या मुलीकडं बघणं बंद कर. आमच्याकडं रडत येणाऱ्या प्रत्येक आईला मी सांगते, आधी महिने वजा कर, मग उरलं तर रड.

जमिनीवर घोंगडं घालून त्याला रोज पालथा झोपव. छातीखाली टॉवेलची गुंडाळी ठेव म्हणजे मान वर धरेल. तू समोर आडवी पडून त्याच्याशी बोल, खेळणं दोन्ही हातांच्या मधोमध धर. कडेवर घेशील तेव्हा त्याचे पाय दोन बाजूंना येतील असा घे, मिटलेले नकोत. आणि बयाबाईची पैलवानकी थोडे दिवस बाजूला ठेव. ताठ पोरं मी पुष्कळ पाहिलीत, बहुतेक सैल होतात.

आता तू माझं काम कर. मला घर सांग. परसातला शेवगा आहे का तोडला? अप्पा गेल्यावर संध्याकाळी दारातल्या कट्ट्यावर कोण बसतं? माझ्या खोलीत कोण झोपतं? अव्वा अजून शेंगादाण्याची चटणी पाट्यावरच वाटते का, का तिलाही मिक्सर लागला? तिचे गुडघे कसे आहेत? मी निघाले त्या सकाळी ती भाकरी थापत होती. मी पाया पडले तर तिनं नुसती भाकरी उलटली. अजूनही परातीत भाकरी थापल्याचा आवाज आला की मला आधी तिची पाठ आठवते. तिच्या बोलण्यात कधी चुकून माझं नाव येतं का, एवढं बघ आणि कळव. सविस्तर लिही, पोस्टाचं वजन बघू नको.

नीलांबिका


इचलकरंजी,
२० फेब्रुवारी १९९८

ती. वन्संना,

तुमचं पत्र इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटायला आलं. आधी तुमचं सांगते. शेवगा आहे, शेंगा गल्लीभर वाटल्या जातात. कट्ट्यावर मामंजींच्या जागी कुणी बसत नाही, कुत्रंसुद्धा. तुमच्या खोलीत सुताची पोती रचलीत. चटणी पाट्यावरच होते, फक्त आता ती मी वाटते. आणि परवा टीव्हीवर तिकडच्या थंडीचं सांगत होते, तर अत्ती म्हणाल्या, "नागपूरला थंडी लई असती म्हनं." कुणाबद्दल, ते बोलल्या नाहीत. मी आपलं कळवलं.

पंधरा तारखेला प्रभूचा पहिला वाढदिवस केला. सगळी गल्ली जेवायला होती. कारखान्यातले जोतीराम तरुणपणी कुस्त्या मारायचे, त्यांनी त्याला तांबडा लंगोट आणला. जेवणं झाल्यावर त्यांनी प्रभूला काखेत धरून सगळ्यांच्या मधोमध उभा केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. तो नुसत्या चवड्यांवर उभा होता. टाचा वर, अंगठे फरशीला, आणि डावा पाय उजव्यावर, कातरीसारखा. बायका म्हणाल्या, काय बाई जोर. मला तो जोर बघवेना.

तुमच्या सांगण्याप्रमाणं पालथा झोपवते. मान धरतो. आता बसतो, पण हात पुढं टेकून, पाठीला पोक काढून. हात उचलला की पडतो. रांगत नाही. कोपरांवर पुढं सरकतो आणि पाय मागून ओढत येतात, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. हसतो मात्र फार गोड, आणि "अव्वा" म्हणतो. अत्तींना म्हणतो, मला नाही.

शेजारच्या मुलीकडं बघत नाही. ती परवा स्वतःच चालत आमच्या घरात आली, तेव्हा बघावंच लागलं. वन्सं, वजा करून किती उरतं ते तुम्ही सांगा.

सौंदर्या


नागपूर,
८ मार्च १९९८

सौंदर्या,

थंडीचं वाक्य मी उदयसिंहला वाचून दाखवलं. तो म्हणाला, बॅगा काढू का माळ्यावरून. मी त्याला दटावलं, पण त्या दिवशी दवाखान्यात माझं लक्ष नव्हतं. तू म्हणतेस ते खरं असेल तर अव्वाचं मन हलायला लागलंय. आता घरात कुठलंही वादळ उठवू नकोस. तिला दवाखान्याचं नाव नको असतं, अप्पांच्या वेळेपासून. सबुरीनं घे.

प्रभूचं म्हणशील तर एका वर्षातून दोन गेले, दहा महिने उरले. दहाव्या महिन्यात सगळीच पोरं रांगत नाहीत. काही तर रांगतच नाहीत, एकदम उभी राहतात. हात टेकून बसतो, हे थोडं मागं आहे, फार नाही. चवड्यांवर उभा राहतो हे मात्र मला आवडलं नाही. मूल माझ्या हातात असतं तर एका मिनिटात सांगितलं असतं. इथं घेऊन येतेस का? नाही येणार, माहीत आहे. मग असं कर, उभा करणं सक्तीनं बंद, आणि अजून दोन-तीन महिने बघू. त्याचं खरं वर्ष एप्रिलमध्ये पुरं होईल. जूनपर्यंत आधारानं पाऊल टाकायला लागला तर उत्तम. नाही टाकलं तर मग कोल्हापूरचा विचार करू.

सोबत एक लाल लोकरीचा चेंडू पाठवतेय, मीच विणलाय. मुठी उघडायला बरा. अव्वाच्या नजरेला पडला तर पडू दे.

नीला


नागपूर,
२ जून १९९८

सौंदर्या,

काल संगमेश येऊन गेला. सुताच्या कामासाठी नागपूरला आला होता, चहाला म्हणून घरी आला, मी जेवायला ठेवून घेतला. पाच वर्षांनी भाऊ समोर बसला होता. मी त्याच्यासाठी चकोल्या केल्या. जेवताना तो आपणहून बोलायला लागला. म्हणाला, "अक्का, लई वाईट दिवस गेलं बघ. संक्रांतीला पोरगं पेटीत, आन ही काचंभाईर. मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला तर ती म्हनली, त्याला द्या."

मी विचारलं, कुठली संक्रांत? तो म्हणाला, गेल्या वर्षीची.

गेल्या वर्षीची संक्रांत जानेवारीत होती. पंधरा फेब्रुवारीला जन्मलेलं पोर जानेवारीत पेटीत कसं होतं, सौंदर्या? भावाला मी जेवू दिलं नाही. सगळं वदवून घेतलं. जन्म चौदा डिसेंबरचा. लग्न मे महिन्यातलं, म्हणजे सातवा महिना. पोर माहेरी झालं, इचलकरंजीत कुणी पाहिलं नाही, म्हणून तुम्ही सगळ्यांनी मिळून नऊ महिने भरल्याची तारीख लावलीत. दवाखान्यात न्यायचं नव्हतं ते याच्यासाठी. तिथल्या कागदावर डिसेंबर होता.

आता नीट वाच. पंधरा फेब्रुवारी ही त्याची जन्मतारीख नव्हतीच. तो यायचा होता ती तारीख. त्याच तारखेपासून वय मोजायचं असतं. म्हणजे वजाबाकी तुम्ही आधीच करून ठेवली होती आणि तिच्यातून मी आणखी दोन महिने काढले. तू मला लिहिलंस तेव्हा तो सहाचा नव्हता, आठचा होता. वाढदिवसाला दहाचा नव्हता, पुऱ्या वर्षाचा होता. प्रत्येक वेळी मी म्हटलं, थांब. दोनदा वजा करून थांबवलं मी त्याला.

तू मला पूर्ण खरं सांगितलं असतंस तर मी तेव्हाच गाडीत बसायला लावलं असतं. तू पूर्ण खोटं सांगितलं असतंस, की फेब्रुवारीत झाला आणि दिवस भरून झाला, तरीसुद्धा माझा हिशेब बरोबर आला असता. अव्वाचं खोटंसुद्धा पोराला चाललं असतं. तू अर्धं खरं सांगितलंस, त्यानं घात केला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथं मूठ पोराची होती गं.

कोल्हापूरला राजारामपुरीत माझ्या वर्गातली संयोगिता असल्या मुलांचं छोटं केंद्र चालवते. पत्ता मागं लिहिलाय. अव्वा काय म्हणते ते ऐकायला थांबू नकोस. उद्या निघ.

नीलांबिका


राजारामपुरी, कोल्हापूर
२५ जुलै १९९८

वन्सं,

तुमचं पत्र आलं त्या आठवड्यातच मी प्रभूला घेऊन एस.टी.त बसले. अत्ती दारात आडव्या उभ्या राहिल्या नाहीत, त्या देवघरात गेल्या. तुमच्या वेळेसारखंच. शिरोलीच्या फाट्यावर प्रभूनं कारखान्यांची धुरांडी बघून टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला, पण त्याच्या मुठी उघडल्या नाहीत.

संयोगिताताईंनी त्याला गादीवर निजवलं. मांड्या हळूहळू बाजूला केल्या, थोड्याशाच झाल्या. टाच धरून पाऊल वर दाबलं तर पाऊल आपोआप थरथरायला लागलं. त्यांनी पुन्हा एकदा दाबून बघितलं. मी म्हटलं, सांगा काय असेल ते. त्या म्हणाल्या, "लवकर जन्मलेल्या पोरांच्या मेंदूचा एक भाग फार नाजूक असतो, त्याला दुखापत झालीय. त्यामुळं पायाचे स्नायू आवळलेत. कुणी मुद्दाम केलेलं न्हाई हे." मी विचारलं, तेव्हाच आणला असता तर? त्या म्हणाल्या, "पाय अगदी मोकळे झाले असते असं मी सांगणार न्हाई, खोटं होईल ते. पण एवढे आवळू दिले नसते. बसायला लवकर शिकला असता, हात तरी उघडले असते. ह्या वयात मेंदू लवकर शिकतो, वहिनी. ते महिने परत देता येत न्हाईत." तुम्ही पोरांच्या आयांना रडायच्या आधी वजा करायला लावता. मी वजा करून बघितलं. सगळं उरलं.

आता तुमच्या पत्राचं. अर्धं खरं का सांगितलं, असं म्हणता. मी ओली बाळंतीण असताना अत्तींनी प्रभूच्या डोक्यावर माझा हात ठेवून मला शपथ घ्यायला लावली की तारीख कुणाला सांगणार नाही. पेटीची शपथ नव्हती. तेवढीच फट होती, तिच्यातून मी बोलले. तुम्ही म्हणता घात केला. मी तुम्हाला लिहिलं होतं की तो चवड्यांवर उभा राहतो, पाय कातरीसारखे होतात, लंगोट बांधता येत नाही. याला कुठली तारीख लागते? पाय पाळण्यातच दिसले होते. बयाबाईला त्यात पैलवान दिसला, ती अडाणी. तुम्हाला त्यात काय दिसलं? तुमच्या पहिल्या पत्रात माझ्या पोराला जेवढी जागा होती, त्याहून जास्त तुमच्या अव्वाच्या गुडघ्यांना आणि शेवग्याला होती.

आणि ते थंडीचं. अत्ती एक शब्द बोलल्या नव्हत्या. मी रचून लिहिलं. मला वाटलं, घरचं काही गोड मिळालं तर तुम्ही प्रभूकडं मन लावून बघाल. तुम्ही त्या एका वाक्यावर मला सबुरी शिकवलीत, घरात वादळ नको म्हणालात. तुम्हाला परत यायचं होतं, म्हणून माझं पोर थांबलं.

तारीख का बदलली, तेही ऐका. लग्नानंतर सातव्या महिन्यात पोर झालं की आपल्यात 'सातमाशी' म्हणतात आणि तोंडाला पदर लावून हसतात. दिवस लग्नाआधीच गेले होते असा त्याचा अर्थ, तुम्हाला सांगायला नको. प्रभू पेटीत असताना अत्ती माझ्या आईला म्हणाल्या, मी पलीकडच्या खाटेवर जागी होते, "एक लेक मराठ्याचा हात धरून गेली. आता सुनंचं सातमाशी. ह्या घरातल्या बायकास्नी दमच न्हाय म्हनतील लोकं. कुनाकुनाची तोंडं धरू मी?" ऐकलंत ना. तुम्ही गेला नसता तर त्या बाईनं सातमाशी म्हणून उजळ माथ्यानं सांगितलं असतं आणि प्रभू महिन्याच्या महिन्याला दवाखान्यात गेला असता. तुम्ही तुमच्या मनासारखं लग्न केलंत, बरं केलंत. त्याचं उसनं माझ्या पाळण्यात फेडलं गेलं.

मी इथं एक खोली घेतलीय. हे रविवारी येतात. रोज सकाळी पोराचे पाय ताणायचे, तो ओरडतो, मी ताणते. यापुढं मला पत्र लिहू नका.

सौंदर्या


नागपूर,
३ ऑगस्ट १९९८

सौंदर्या,

नको म्हणालीस तरी हे एक लिहिते, मग नाही.

क्षमा मागत नाही. मागितली तर ती द्यायचं काम तुझ्यावर पडेल, आणि तुझे हात आधीच भरलेत. अव्वा काय म्हणाली ते कळलं. मी बॅग माळ्यावर परत ठेवली.

त्याला मागं पाय दुमडून, दोन्ही बाजूंना टाकून बसू देऊ नको, तसं बसायला त्याला सोपं जाईल आणि तेच वाईट. मांडी घालून बसव, किंवा तुझ्या पायावर घोड्यावर बसवल्यासारखा. ताणताना गाणं म्हण, कुठलंही. पोर ओरडलं म्हणून थांबू नको, पण ते दुखून ओरडतंय का रागानं, एवढं ओळखायला शीक.

दर वर्षी चौदा डिसेंबरला त्याला माझं कार्ड येईल. त्या घरात ती तारीख पाळणारं कुणी नाही.

नीला


नागपूर,
९ डिसेंबर २०००

चि. प्रभुलिंगास, चौथ्या वाढदिवसाचे खूप खूप आशीर्वाद. लाल चेंडू जुना झाला असेल म्हणून आता पिवळा पाठवतेय. हा दोन्ही हातांनी झेलायचा. आईला फेकायला सांग.

तुझी नागपूरची आत्या


राजारामपुरी, कोल्हापूर
१६ नोव्हेंबर २००३

ती. वन्संना,

पाच वर्षांनी लिहितेय. मनानं लिहितेय असं समजू नका, अत्तींनी लिहायला सांगितलं म्हणून लिहितेय.

तुम्हाला भाची झाली. नाव भूमिका ठेवलं. काल बारसं झालं, इथंच, राजारामपुरीत. दिवस पूर्ण भरून झाली, रडली तर खालच्या दुकानात ऐकू गेलं. पाय सैल आहेत. जन्मल्याबरोबर मी आधी तिच्या मांड्या उघडून बघितल्या, मग तोंड बघितलं. नर्स हसली. हसू दे.

प्रभू आता फेब्रुवारीत, नाही, पुढच्या महिन्यात सात वर्षांचा होईल. बघा, मलाही अजून मोजावं लागतं. पायांना पट्ट्यांचे बूट आहेत आणि काखेत कुबड्या. टाचांचं एक ऑपरेशन झालं. शाळेत जातो, पहिलीत. उजव्या हातानं लिहितो, अक्षर थरथरतं, पण पाढे वर्गात सगळ्यांच्या आधी म्हणतो. संयोगिताताईंकडं रोज नव्या बायका येतात, पेटीतून सुटलेली इवलाली पोरं घेऊन. काही तर तीन-चार महिन्यांचीच. ताई त्यांना सांगतात, बरं केलंत लवकर आणलंत. ते वाक्य ऐकलं की मी चटया झटकायला बाहेर जाते. तुमची कार्डं दर वर्षी येतात. मी ती त्याला देते. तो शाळेत सांगतो, माझ्या नागपूरच्या आत्याला माझी तारीख पाठ नाही, ती दर वर्षी दोन महिने आधीच कार्ड पाठवते.

आता कालचं. बारशाला इचलकरंजीची सगळी गल्ली आली होती. गडहिंग्लजची माणसं होती. अत्ती नवी इरकल नेसून मधोमध बसल्या होत्या, मांडीवर भूमिका. प्रभू भिंतीला टेकून कुबड्यांवर उभा होता. कुण्या एका पावणीनं विचारलं, "थोरल्याचं काय असं?" मी हातातला करंडा खाली ठेवला. मला वाटलं, आता अत्ती उठून आत जातील. तर त्या बसल्या जागेवरनं मोठ्यानं बोलल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा.

"सातमाशी हाय न्हवं का त्ये. सातव्या म्हैन्यात झालं, पेटीत ठेवल्यालं. म्हनून तसं. आमच्या रगतात काय न्हाय बाई. ही बगा की, दिवस भरून झालीया, कशी हाय."

इतक्या सहज बोलल्या वन्सं. विडा मागावा तशा. कुणी हसलं नाही, कुणी तोंडाला पदर लावला नाही. दोन-तीन बायका तर म्हणाल्या, व्हय, सातमाशी पोरास्नी हुतंय तसं. आणि ओटी भरायला लागल्या. सात वर्षं ज्या शब्दाला आम्ही घरात कोंडून ठेवलं, त्याला बाहेर कुणी विचारतसुद्धा नव्हतं.

भांडी घासताना मी अत्तींना विचारलं, हे तेव्हा का नाही बोललात. त्या म्हणाल्या, "तवा तुजी अब्रू हुती. आता हिची हाय. उद्या हिला बघायला पावणं येतील, भावाला बघून माघारी जातील. सांगून ठेवल्यालं बरं." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता समदं भाईरच पडलंय. नीलीला बी कळीव. येऊ दे म्हनावं. आता कुनाची लाज धरायची ऱ्हायलीया?"

तुम्ही पाच नव्हे, दहा वर्षं ज्या निरोपाची वाट बघितलीत, तो हा. शब्दाला शब्द लिहिलाय, या वेळी काही रचलेलं नाही.

रात्री जेवताना प्रभूनं विचारलं, आई, सातमाशी म्हणजे काय? मी सांगितलं, आईच्या पोटातून दोन महिने आधी आलेलं बाळ. त्यानं भाताचा घास तसाच ठेवला आणि बराच वेळ मनाशी काहीतरी केलं. पाढे येतात त्याला, सांगितलं ना. मग म्हणाला, "मग आत्याचीच तारीख बरोबर हाय. तुमी सगळ्यांनी मला चुकीची सांगितली. का?"

मी त्याला म्हटलं, आत्या येणार आहे, तिला विचार. हिशेब तुम्हाला येतो, वन्सं. या, आणि तुम्हीच सांगा त्याला.

सौंदर्या